रुमाल एकतीस, निशाणी सात

१

गुरुवारी सकाळी स्नेहलताबाईंनी एकतीस नंबरचा रुमाल सोडला, कागद मोजले आणि एक पान कमी भरलं. त्यांनी पुन्हा मोजले. कागद म्हणजे काही शाळेतली पोरं नव्हेत, दुसऱ्या हजेरीला मागच्या दाराने येऊन बसायला. निशाणी पाच होती, सहा होती आणि त्यानंतर एकदम आठ. सात नव्हती.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. मेहकरच्या निरखी वकिलांच्या घरी लाल कापडात बांधलेली कागदांची अडतीस गाठोडी होती, त्यांना रुमाल म्हणायची पद्धत. स्नेहलताबाईंचे आजोबा दामोदरपंत यांनी इंग्रजांच्या अमदानीत पस्तीस वर्षं वकिली केली आणि प्रत्येक अशिलाच्या खटल्याची नक्कल घरी ठेवली. मृत्युपत्रं, वारसाचे अर्ज, साक्षीदारांचे जबाब, सगळं. कोर्टात प्रत्येक कागदावर नंबर पडतो, ती त्याची निशाणी. मूळ कागद मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाले. उरल्या त्या ह्या नकला, त्याही मोडीत.

बाई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. सदुसष्ट वर्षांच्या, एकट्या, बोलायला फटकळ. आपला खापरपणजोबा कोण हे शोधत जिल्हाभरातून लोक त्यांच्याकडे येत. बाई फुकट वाचून देत, चहाही देत. पण पान दुमडणाऱ्याचे कान उपटायला कमी करत नसत, मग तो गावचा सरपंच का असेना. इतक्या वर्षांत त्या घरातून एक चिटोरं बाहेर गेलं नव्हतं. आता गेलं होतं, आणि नेमकं नको ते गेलं होतं.

कारण सोमवारी बुलढाण्याला प्रांतांसमोर सुनावणी होती. उंद्रीच्या गोजरबाई वायाळ यांना आपल्या शेतात राहता येणार की वयाच्या ऐंशीव्या वर्षी बिऱ्हाड पाठीवर घ्यावं लागणार, ते त्या एका पानावर ठरायचं होतं.

२

प्रकरण सांगायला सोपं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उंद्रीला निवृत्ती वायाळ नावाचा शेतकरी होता. त्याला दोन मुलगे, थोरला यादव आणि धाकटा आनंदा. निवृत्ती वारला, पुढे वर्षभरात आनंदाला मुलगा झाला, त्याचं नाव निवृत्तीच ठेवलं. गेलेल्या आजोबाचं नाव नातवाला, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. १९१८च्या तापाच्या साथीत आनंदाही गेला. जाण्याआधी त्याने मृत्युपत्र केलं. सत्तेचाळीस नंबरचं शेत माझ्या मुलाला, निवृत्तीला. तो अज्ञान, म्हणजे वयाने लहान आहे तोवर थोरल्या भावाने सांभाळावं.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे दोन तोंडं दोन दिशांना.

थोरल्या यादवचे नातू माणिकराव हे देऊळगाव राजाचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी वायाळांचा कुळवृत्तांत लिहून छापला होता. त्यात म्हटलं होतं की आनंदाचा मुलगा निवृत्ती लहानपणीच वारला आणि शेत यादवकडे आलं. शेतावर बापू नावाचा एक पोरका मुलगा होता, त्याला आनंदाच्या विधवेने, मंजुळाने सांभाळलं. त्याची माणसं अजून तिथेच राहतात, एवढंच. सातबाऱ्यावर मालक म्हणून माणिकरावांच्या घराचं नाव. त्यांना आता त्या शेतात आजोबा यादवराव यांच्या नावाने वाचनालय बांधायचं होतं, म्हणून त्यांनी शेत रिकामं करून मागितलं होतं.

गोजरबाई ह्या बापूंच्या सून. त्यांचं म्हणणं, आमचे मामंजी आनंदाचेच पोटचे. पण पुरावा काय? पीकपाण्याच्या जुन्या कागदात १९१९ सालापासून 'बापू, मार्फत मंजुळा' एवढीच नोंद. बापाचं नाव नाही. साथीत उंद्रीचा पटवारी गेला होता, त्याच्या जागी परगावचा नवा आला आणि शेतावर जी बाई भेटली तिला विचारून लिहून गेला. कोर्टाच्या कागदात मात्र मुलाचं नाव निवृत्ती. दोन कागद, दोन नावं, म्हणजे मुलंही दोन. माणिकरावांचा तर्क सरळ होता.

मंगळवारी बाईंनी दोन्ही घरांना एकत्र बोलावलं. मूळ पुरुष एक, मग वाचन वेगवेगळं कशाला? बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी वाचायची बंदी केली होती. म्हणून वाचायला अश्विनी होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, मोडीची परीक्षा दिलेली. ऐकायला माणिकराव आणि गोजरबाईंचा मुलगा गोकुळ. अश्विनीने मृत्युपत्र वाचलं, यादवचा पालक होण्याचा अर्ज वाचला. निशाणी सात म्हणजे मंजुळाचा जबाब. पान दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं, अक्षर किचकट. ते राहू दे म्हणून तिने आधी शेवटचा हुकूम वाचून टाकला. तो तीन ओळींचा होता. मंजुळाचा जबाब घेतला, मुलगा हयात असल्याची खात्री झाली, यादवला पालक नेमलं. मग अश्विनीच्या लेकीची शाळा सुटायची वेळ झाली आणि जबाब गुरुवारवर गेला.

बुधवारी तिघंही वेगवेगळ्या वेळी घरी येऊन गेले होते. अश्विनी विसरलेला चष्मा न्यायला, गोकुळ ओल्या हरभऱ्याची पेंडी द्यायला, माणिकराव कुळवृत्तांताची प्रत भेट द्यायला. तिघांनाही बाईंनी चहा पाजला होता, आणि चहा करायला माणसाला स्वयंपाकघरात जावंच लागतं.

तिघांपैकी एकाने आपल्याला बनवलं, हे बाईंना पानापेक्षा जास्त लागलं. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

३

अश्विनी चार घरं सोडूनच राहायची. पान गेलं हे ऐकून तिने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बाई, तुमचा माझ्यावर संशय आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्यावर आहे, गोकुळवर आहे, माणिकरावांवर आहे. सगळ्यांवर सारखा आहे, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस. माणिकरावांशी तुझी काही बोलणी झाली का?"

अश्विनीने खालमानेने सांगून टाकलं. माणिकरावांनी तिला कुळवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीत मोडी वाचायचं काम देऊ केलं होतं. मंगळवारीच, बाहेर पडताना.

"पण मी हो म्हटलं नाही अजून. तुम्हाला विचारणार होते."

"पहिल्या आवृत्तीत कोणी वाचून दिलं होतं?"

"ते नाही सांगितलं त्यांनी."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. ही पोर सातवीत असताना वर्गाची काच फोडून स्वतःहून कबूल करायला आली होती. पण माणसं काय, मोठी झाली की बदलतात.

"अश्विनी, ती मंजुळा. तिच्याबद्दल तुला काय वाटतं?"

"मला तिचं कौतुक वाटतं, बाई. त्या काळात नवरा गेलेली बाई कोर्टात उभी राहते आणि आपल्या लेकरासाठी साक्ष देते, म्हणजे किती धीराची असेल. काय काय बोलली असेल ते वाचायला मी आतुर झाले होते." तिचे डोळे भरून आले. "आणि आता ते कधीच कळणार नाही."

४

शुक्रवारी बाई चिखलीला एसटी बदलून उंद्रीला उतरल्या. सत्तेचाळीस नंबरचं शेत गावापासून मैलभर. हरभरा घाट्यावर आला होता, बांधावर तुरी कापणीला. शेताच्या मधोमध तीन खोल्यांचं पत्र्याचं घर आणि दारात गोजरबाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या.

गोकुळने ऐकलं आणि तो तडकलाच. "मीच घेतलं म्हणता का, मॅडम? आमचं घर हाये त्या कागदात. मी काऊन घेईन?"

"भीतीपोटी घेऊ शकतोस," बाई म्हणाल्या. "त्यात काय लिहिलंय ते तुलाही माहीत नव्हतं. उलटं निघालं असतं तर?"

गोकुळ काही बोलणार तेवढ्यात म्हातारीने त्याला थांबवलं. "गप बे. बाई बरोबर म्हणून राह्यल्या. मलेच लय भेव वाटत होतं. मी याले म्हणलं होतं, कशाले ते जुनं उकरता? त्यात आमचे मामंजी पोरके निघाले तं? आता निदान कोनी पोरके म्हणते, कोनी म्हणत नाई. कागदात आलं की संपलं."

"मंग मी म्हणलं," गोकुळ म्हणाला, "निघू दे काय निघायचं ते. खोट्याच्या भरवशावर किती दिस राहावं? माझी पणजी कोर्टात बोलली, म्हणून तं कोर्टानं तिचं आयकलं. ते काय बोलली तेच पायजे मले."

बाईंना तो पोरगा आवडला. पोरगा कसला, पंचेचाळिशीचा बाप्या. पण बाईंना साठीच्या आतले सगळे पोरंच वाटत.

"बापूंना शेतातून काढायला यादवराव कधी आले होते का?"

"कदीच नाई," गोजरबाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन आली तवा ते थोरले आजे जिवंत होते. अक्षय तृतीयेले यायचे. मामंजीच्या हातचं पानी प्यायचे, बांधानं एक चक्कर मारायचे अन् जायचे. कदी काई मागतलं नाई, कदी काई बोलले नाई." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बाई, हे घर गेलं तं गोकुळ कुठंबी राहील. मी नाई राहू शकत. माझी मानसं याच मातीत गेली."

त्यांनी भाकर आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली. बाई जेवल्या. शोधायला आलो पान आणि घेऊन चाललो ह्या माणसांचा घोर, असं त्यांना वाटलं.

५

शनिवारी देऊळगाव राजा. माणिकरावांनी त्यांचं स्वागत अगत्याने केलं. बहात्तर वर्षांचा उंच, स्वच्छ माणूस, धोतराची निरी मोडलेली दिसायची नाही. भिंतीवर यादवरावांचा मोठा फोटो, फेट्यातला.

"पान गेलं?" ते म्हणाले. "वाईट झालं. पण बाई, खरं सांगू का, एका पानानं काय फरक पडते? जे आहे ते आहे."

"तुमच्या आजोबांनी मंजुळाबद्दल तुम्हाला कधी काही सांगितलं होतं?"

"कधीच नाही. आमच्या घरात त्या बाईचं नावसुद्धा निघत नसे. आज्याने नाही काढलं, बापाने नाही काढलं. मी तिचं नाव पहिल्यांदा पीकपाण्याच्या कागदात पाहिलं, पुस्तकाच्या वेळी." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "माझा बाप लवकर गेला. या माणसानं मला वाढवलं. बोट धरून शाळेत घातलं. हा नसता तर मी कोणाची तरी ढोरं वळत असतो. मी यांच्यासाठी वाचनालय बांधून राह्यलो, त्यात माझा स्वार्थ काय? लोकांनी यांचं नाव चांगलं घ्यावं, एवढंच."

"पण कोर्टाने मंजुळाचं ऐकलं होतं. मुलगा हयात आहे, हे मान्य केलं होतं."

"ऐकलं!" माणिकराव मान हलवत म्हणाले. "पोटच्या पोराचं नाव विचारलं तर तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. अशा बाईच्या भरवशावर ते हुकूम झाले. त्या काळची कोर्टंही तशीच. चहा घ्या, निवून राह्यला."

बाईंनी चहा घेतला. दोन दिवसांच्या प्रवासाने अंग आंबलं होतं, डोळा चुरचुरत होता. तिघांना भेटून झालं, हाती काही लागलं नाही. सोमवारी गोकुळसमोर कोणतं तोंड घेऊन जायचं, याचा विचार करत त्या मेहकरच्या बसमध्ये बसल्या.

६

वेळ जावा म्हणून त्यांनी पिशवीतून माणिकरावांचा कुळवृत्तांत काढला. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला बंदी केली होती. डाव्याबद्दल ते काही बोलले नव्हते, असं बाईंनी सोयीने ठरवलं आणि एक डोळा झाकून प्रस्तावना वाचायला घेतली.

शेवटी दीड पान आभार होते. छापणाऱ्याचे, बांधणी करणाऱ्याचे, फोटो काढणाऱ्याचे, मुखपृष्ठाचा रंग सुचवणाऱ्या जावयाचे. उतारे शोधून देणाऱ्या तीन जणांचे नावानिशी. माणिकराव कृतज्ञ माणूस होते, कोणी पाणी दिलं तरी त्याचं नाव आलं असतं. पण पुस्तकात जागोजाग जुन्या मोडी कागदांतले उतारे दिलेले, आणि मोडी वाचून देणाऱ्याचे आभार नव्हते.

बाईंनी पुस्तक मिटलं. दीड पान आभार मानणारा माणूस सगळ्यात अवघड काम करणाऱ्याला विसरेल? विसरणार नाही. मग वाचणारा तोच. माणिकरावांना मोडी येत होती. मंगळवारी अश्विनी वाचत असताना ते हाताची घडी घालून ऐकत बसले होते, आपल्यालाही येतं असं अवाक्षर न काढता.

आणि मग त्यांना ते मीठ आठवलं.

अश्विनी म्हणाली होती, मंजुळाने धीराने साक्ष दिली. गोकुळ म्हणाला होता, पणजी कोर्टात बोलली. दोघंही हुकुमातल्या ओळीवरून बोलत होते. मंजुळाचा जबाब घेतला, एवढंच त्यात होतं, आणि जबाब घेतला म्हटल्यावर कोणीही समजणार की ती बोलली. एकट्या माणिकरावांना माहीत होतं की ती गप्प राहिली. कोणत्या प्रश्नाला गप्प राहिली, तेही माहीत होतं. घरात तर तिचं नाव कधी निघालं नव्हतं, हे त्यांनीच पाच मिनिटं आधी सांगितलं होतं. मग ते एकाच ठिकाणी वाचलेलं असू शकतं.

चोर सापडला. बाईंना आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. आपल्याच लेकराचं नाव विचारल्यावर आई गप्प का राहते? शेत जाणार, लेकरू उघडं पडणार, समोर कोर्ट, आणि ती एक शब्द बोलत नाही. नवऱ्याचं नाव घेतलं नसतं तर समजण्यासारखं होतं. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही त्या काळच्या बायकांची रीतच.

सासऱ्याचं.

बाई सीटवर ताठ बसल्या. मंजुळाचा सासरा म्हणजे आनंदाचा बाप. निवृत्ती! आणि पोराचं नावही निवृत्ती. घरच्यांनी हौसेने आजोबाचं नाव ठेवलं; पण ज्या बाईने त्याला जन्म दिला तिला त्या नावाने लेकराला एकदाही हाक मारता आली नसणार. ती मग काय म्हणणार? बापू, बाळू, काहीतरी. परगावचा पटवारी शेतावर येऊन विचारतो, मुलाचं नाव काय? ती म्हणते बापू. बापाचं नाव काय? ते तर तिच्या नवऱ्याचं. ती गप्प. पटवारी लिहितो, 'बापू, मार्फत मंजुळा', आणि बैलगाडीत बसून निघून जातो.

मुलं दोन नव्हतीच. एकच होता.

"कंडक्टर," बाई उभ्या राहत म्हणाल्या, "सिंदखेड राजाला उतरवा मला."

"मावशी, तिकीट तं मेहकरचं हाये."

"तिकीट ठेवा तुम्हाला. मला उलटं जायचंय."

७

दुपारी तीनला बाई पुन्हा दारात दिसल्या तेव्हा माणिकरावांनी काही विचारलं नाही. दार उघडं ठेवून ते आत गेले आणि खुर्चीत बसले. बाईंनी आवाज न चढवता सगळं सांगितलं, आभाराच्या पानापासून मंजुळाच्या सासऱ्यापर्यंत. माणिकराव ऐकत होते. मध्येच एकदा त्यांनी डोळे मिटले.

"मी ते फाडलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही चहा करत होत्या. मी उघडून वाचलं. मग हात थांबला नाही. आयुष्यात कोणाची पेन्सिल घेतली नाही मी, बाई."

त्यांनी कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं. मध्ये ते पान होतं.

"तुमचा डोळा धड नाही. मीच वाचतो," ते म्हणाले आणि घडाघड मोडी वाचू लागले. "'सवाल, अज्ञान मुलाचे नाव काय. साक्षीदार उत्तर देत नाही. सवाल, मुलास हाक काय मारता. जबाब, बापू म्हणते. सवाल, नाव का सांगत नाही. जबाब, ते मामंजींचे नाव आहे, मला घेता येत नाही.'" त्यांनी बोट पुढच्या ओळीवर सरकवलं. "पुढचं ऐका. 'दीर यादव वल्द निवृत्ती हजर. त्याने सांगितले की मुलाचे नाव निवृत्ती, वडील वारल्यावर झाला म्हणून ठेवले. हाच माझा पुतण्या.'"

माणिकराव पुढे बोलले, आणि आता ते मुख्याध्यापकासारखे बोलत नव्हते.

"समजलं का तुम्हाले? आज्याले सगळं माहीत होतं. त्यानं सोता कोर्टात सांगतलं. मंग शेत आमच्या नावावर कसं? मले ज्यानं मानूस केलं, त्यानं पुतण्याचं शेत खाल्लं? अन् मी त्याच शेतात त्याच्या नावाचं वाचनालय बांधू?"

"खाल्लं असं कागदात नाही," बाई म्हणाल्या. "एकोणीस साली पालक म्हणून त्यांचं नाव लागलं. पुढे नोंदी नव्याने उतरवताना 'पालक' हा शब्द गळाला. त्यांनी गाळला की लिहिणाऱ्याच्या हातून राहिला, ते सांगणारा कागद माझ्याकडे नाही, आणि मी तुमच्या समाधानासाठी एखादा तयार करणार नाही. एवढं खरं की त्यांनी बापूंना शेतातून काढलं नाही. ते तुम्ही काढताय."

माणिकरावांनी पान पुन्हा पुस्तकात ठेवलं. पुस्तक मिटून मांडीवर घेतलं.

"द्या ते," बाई म्हणाल्या.

"आज नाही."

"मी पोलिसांत जाऊ शकते."

"जा. मी खोटं बोलणार नाही." ते फोटोकडे बघत होते. "पण आज माझ्या हातून हे सुटत नाही."

बाईंनी एकवार पुस्तकाकडे पाहिलं. बहात्तर वर्षांच्या माणसाशी सदुसष्टाव्या वर्षी झोंबाझोंबी करणं त्यांना शोभलं नसतं, शिवाय जमलंही नसतं. "सोमवारी अकरा वाजता," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

८

रविवारी बाईंनी गोकुळला फोनवर सगळं सांगितलं. पान येईल की जळेल, ते सांगता येत नाही. पान नसेल तर म्हातारीचं बोलणंच काय ते हाताशी. सासऱ्याचं खरं नाव काय हे विचारतील, तेव्हा तिने स्वतःच्या तोंडाने निवृत्ती आनंदा म्हणावं. पढवून ठेव.

संध्याकाळी गोकुळचा फोन आला. "मॅडम, सारा दिस झाला. हाव हाव म्हणते, पण नाव घेत नाई."

सोमवारी प्रांतांच्या दालनात गोजरबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या, धुवट लुगडं नेसून. मागच्या बाकावर माणिकराव. त्यांच्या हातात पुस्तक होतं, पण ते बाईंकडे बघत नव्हते. बाईंनी आपला तर्क प्रांतांना समजावून सांगितला. प्रांत तरुण होते, लक्ष देऊन ऐकत होते.

"मॅडम, पटतंय," ते म्हणाले. "पण हा तर्क झाला. ज्या पानाबद्दल सांगताय ते कुठे आहे?"

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. चोराचं नाव त्यांच्या जिभेवर होतं. का कोण जाणे, त्यांनी ते गिळलं. "सध्या माझ्यापाशी नाही," त्या म्हणाल्या.

प्रांतांनी कागद पुढे ओढला. "आजी, तुम्ही सांगा. तुमच्या सासऱ्यांचं पूर्ण नाव काय?"

गोजरबाई उभ्या राहिल्या. पदर कपाळावर आला. बोलल्या नाहीत.

"साहेब, मी सांगतो," गोकुळ उठला.

"तुम्ही नाही. उत्तर त्यांचं हवं. आजी, लिहायचं आहे मला. नाव सांगा."

म्हातारीचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. स्नेहलताबाईंना आधी रागच आला. घर चाललंय, बाई, बोला की! मग त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. साठ वर्षं जे तोंडाला शिवलं नव्हतं ते चार लोकांत, साहेबासमोर काढायचं तिला खरोखरच जमत नव्हतं, आणि त्याची किंमत काय हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणाला कळत नव्हतं.

"निवृत्ती," मागून आवाज आला.

माणिकराव उभे होते. ते चालत पुढे आले, पुस्तकातलं पान काढून त्यांनी प्रांतांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावरची सुरकुती बोटाने सरळ केली.

"निवृत्ती आनंदा वायाळ. गाव त्यांले बापू म्हणे. हा त्यांच्या आईचा जबाब. हे पान या बाईंच्या घरून मी नेलं होतं, तेही लिहून घ्या."

प्रांतांनी पानाकडे पाहिलं, मग फाईलकडे. "यांच्याविरुद्ध अर्ज तुमचाच आहे ना?"

"हाव. तो मागं घेतो. शेत ज्याचं त्याच्या नावावर करायले माझी सही जिथं लागन तिथं देतो."

"ठीक आहे. जबाब लिहून घेऊ." प्रांतांनी कारकुनाला खूण केली. "नाव माणिकराव वायाळ. आणि गोजरबाई वायाळ यांच्याशी तुमचं नातं काय?"

ह्या प्रश्नाला माणिकरावांना वेळ लागला. छापलेल्या पुस्तकात ह्याचं उत्तर नव्हतं.

"चुलत दीर," ते म्हणाले.

कारकुनाने लिहून घेतलं. गोजरबाईंनी पदराने तोंड पुसलं, बाकावर थोडं सरकून जागा केली आणि हळूच म्हणाल्या, "बसा, भाऊजी."

माणिकराव बसले.